डोमाभाऊंची बरणी

डोमाभाऊ कुणाच्याही घरी गेले की पुढ्यातल्या ताटलीतला एकच घास खायचे, वर पाणी प्यायचे आणि ताटली मागे सारायचे. चांद्याजवळच्या आमच्या मूलसारख्या गावात पानात टाकलेलं कुणाला खपत नाही. तिथे हा माणूस लग्नाच्या पंगतीतही तेच करायचा. बायका चिडायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही चिडायचो. "आग्रह नोका करू जी, घरात राहू द्या," एवढंच त्यांचं उत्तर.

घर तलावात मासे धरणाऱ्यांचं, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते फौजेत गेले आणि खेचरं हाकत पार ग्रीस देशात पोचले. परतले ते तिथलं एक गाव डोक्यात घेऊन. पहाडावरचं, दगडी घरांचं, "आपल्या चांद्याच्या किल्ल्याहून जुनं." मी शेजारचा शाळामास्तर, त्यामुळे ते गाव शेवटी माझ्याच मानगुटीवर बसलं.

तिथे एका म्हातारीने त्यांना घरात बसवलं. पुढे तबक ठेवलं. त्यात मुरंब्याची बरणी, चमचा आणि पाण्याचा पेला.

"आपल्याकडं पुढं ठेवलेलं टाकलं तं घरच्याइचा अपमान होते," डोमाभाऊ सांगायचे. "म्या सप्पा बरणी पुसून खाल्ली, मास्तर. बुडी हासत होती. पहाड उतरताना सोबतचा जवान म्हणे, अरे, तिथं पाव्हण्यानं एक चमचा घ्याचा असते! हिवाळाभराची बरणी होती ते. तिचा पोरगा लढाईतून यायचा होता, त्याच्यासाठी झाकून ठेवलेली."

तशीच एक बरणी भरून त्या म्हातारीला पाठवायची, एवढाच त्यांचा ध्यास होता. दर हिवाळ्यात त्यांच्या घरी आवळ्याचा मुरंबा व्हायचा आणि ते तो घेऊन माझ्या दारात उभे राहायचे.

"पत्ता काढा, मास्तर."

"अहो, पण गावाचं नाव काय?"

"विचारलंच नाई. गावात उभा हाओ तं नाव कायले विचारा?"

"निदान त्या बाईचं?"

"बुडीले नाव विचारतेत का जी?"

मी शाळेचा नकाशा पसरायचो. ते डोंगरांवरून बोट फिरवायचे आणि दर वेळी वेगळ्याच जागी थांबायचे. मग माझ्यावरच उखडायचे, "इतका शिकला तुमी, अन् एक गाव नाई सापडत?" टपालवाल्यांनी तर त्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली होती. मला त्यांची कीव यायची आणि तेवढाच संतापही. नाव नसलेल्या गावाला मी तरी कुठून शोधून आणू?

घरात त्या बरणीला हात लावायची सोय नव्हती. "दुसऱ्याची वस्तू आहे," म्हणायचे. पुढचा हिवाळा आला की जुना मुरंबा तलावात ओतायचे आणि त्यांची बायको, सगुणाबाई, साखरेच्या नावाने दिवसभर भांडी आपटायची.

एका पावसाळ्यात ते तापाने गेले. शेवटच्या दिवसांतही मला बघितलं की विचारायचे, "सापडलं का जी?" मी नाही म्हणायचो आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे.

तेरावं झाल्यावर मी सगुणाबाईंना भेटायला गेलो. त्यांनी तबक आणून पुढे ठेवलं. त्यात तीच बरणी, चमचा आणि पाण्याचा पेला. मी एक चमचा घेतला, पाणी प्यालो आणि तबक मागे सारलं. त्यांनी बरणी स्वतःकडे ओढली.

"इतकी वर्सं म्या बनवला, मास्तर, पर चाखू नाई देला."

एक फोड तोंडात टाकताच त्यांचं तोंड वाकडं झालं.

"तुरट राह्यला जी. साखर कमी पडली," त्या म्हणाल्या. "बरं झालं, त्या बाईकडं नाई पोचला."

मग बरणी मांडीवर घेऊन, ती रिकामी होईपर्यंत त्या खात राहिल्या.