लीकच्या वाफ्यावरून फिरलेला ड्रम

"भाऊ, तुमच्या त्या कांद्याच्या माना पडंनात," असा मावळातल्या शेतकरी मंदामावशींचा फोन आला, तेव्हा मी स्टोअरमध्ये शेफची बोलणी खात होतो.

मी तुंगार्लीतल्या एका रिसॉर्टचा परचेस मॅनेजर. आडनाव बागवान. आमच्या तीन पिढ्यांनी लोणावळ्याच्या बाजारात भाजी विकली. त्यामुळे कांद्याबद्दल कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. आमच्या शेफ रेवतीमॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, आणि त्या नेमकं तेच करत होत्या.

"काका, मी शॅलट मागवले होते."

"हेच ते. बारीक कांदे."

"ही गोल्टी आहे."

गोल्टी म्हणजे कांद्याची निवड करताना बाजूला काढलेला लहान माल. मॅडमनी त्यातला एक सोलून माझ्यापुढे धरला.

"एकच गड्डा आहे. शॅलट सोलला की आत लसणासारख्या दोन-तीन पाकळ्या निघतात. हा फक्त न वाढलेला कांदा आहे."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तो फोनवर निघाला.

"मावशी, कांद्याला करता तेच करा की," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता हे मानेचं प्रकरण काय, ते सांगतो. कांदा तयार झाला की पात बुडाशी मऊ होते आणि आडवी पडते. याला मान पडणं म्हणतात. मान पडली की काढणी करायची. काही कांदे हट्टी असतात, पात ताठच राहते. मग शेतकरी वाफ्यावरून रिकामा ड्रम फिरवतात आणि ती पाडतात.

पण मावशींच्या शेतात कांदा नव्हता, लीक होता. कांद्याची पात नळीसारखी पोकळ असते, लीकचं पान चपटं. लीकला गड्डा धरतच नाही, जाड पांढरा दांडा होतो. तोच खायचा. त्याची मान पडायची वाट बघत बसलं तर माणूस म्हातारा होईल. हे मला माहीत होतं. लागवडीच्या दिवशी मात्र मी घाईत होतो. "कांद्याच्याच घरातला आहे, कांद्यासारखंच समजा," असं म्हणून मी गाडीत बसलो होतो.

रविवारी मालकांपुढे नव्या मेनूचं टेस्टिंग होतं. त्यात लीकचं सूप. ते पसंत पडलं, तर पुढे भाजी मावळातल्या शेतकऱ्यांकडून घ्यायची. नाही तर सगळी ऑर्डर पुण्याच्या सप्लायरला जाणार होती. मावशींनी तीन गुंठे निव्वळ माझ्या शब्दावर लावले होते.

शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन मी वडगावजवळच्या त्यांच्या शेतावर गेलो आणि बांधावरच थबकलो. वाफे झोपले होते.

"मावशी, ड्रम फिरवला?"

"व्हय. दोनदा. पयल्यांदा लय ताठ राह्यलं, म्हून मग पाणी भरून फिरवला."

 मी त्यांना सांगितलं की लीकची मान पडतच नसते, आणि उद्याचं सूप फसलं तर सगळी ऑर्डर पुण्याला जाईल. त्यांनी लीक उपटून जुड्या बांधल्या, पदर खोचला आणि त्या टेम्पोत पुढे येऊन बसल्या. "त्या म्याडमला मी सोता सांगते."

किचनमध्ये रेवतीमॅडमनी एक चेचलेलं पान बोटावर घेतलं.

"हे कुणी केलं?"

"मी. ह्यांनी सांगितलं, कांद्याला करता तेच करा."

सगळं किचन माझ्याकडे बघायला लागलं. मी फ्रीजरच्या थर्मामीटरकडे बघत उभा राहिलो.

"मावशी, लीक आणि कांदा एकाच घरातले, पण..." मॅडम समजावायला लागल्या.

"माझा दीरबी माझ्याच घरातला हाय," मावशी म्हणाल्या. "त्याला झेपतं ते मला झेपत न्हाई."

भांडी घासणारेसुद्धा हसले. मॅडम हसतहसतच लीक कापायला लागल्या. पानांचा लगदा झाला होता. खालचा वीतभर दांडा मात्र पांढराशुभ्र आणि कडक निघाला.

"याला मातीची भर लावली होती?"

"व्हय. दांडा पांढरा पायजे तर बुडाला माती चढवा, असं रोपं देताना ह्यांनी सांगितलं. तेवढं एकच धड सांगितलं."

दांडा मातीत होता म्हणून ड्रमखाली वाचला. आणि सूपला लागतो तो पांढराच भाग. माझ्या जिवात जीव आला.

रविवारी मालकांनी सूप दोनदा मागून घेतलं. मावळातल्या भाजीला होकार मिळाला आणि यादीत पहिलं नाव मंदामावशींचं लागलं. ड्रमचं मालकांना कुणी सांगितलं नाही. मावशींना मात्र मी तोंडावर सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "ते म्हायतीये."

तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो: शेतकऱ्याला कुठलंही पीक "त्याच्यासारखंच" म्हणून सांगू नये. तो खरंच तसं करतो.

यंदा मॅडमना चाइव्ज हवेत. गवताएवढी बारीक पात, पुन्हा कांद्याच्याच घरातली. रोपांचा ट्रे घेऊन गेलो. मावशींनी एक रोप उचलून उन्हात धरलं.

"ह्ये कशासारखं असतंय?"

"कशासारखंच नाही, मावशी," मी म्हणालो आणि चपला काढून वाफ्यात उतरलो.