पेजेचं माप

भाट्याच्या खाडीकाठी गंगारामला अजूनही सगळे तांडेलच म्हणतात. चाळीस वर्षं त्याने स्वतःची होडी दर्यावर चालवली. मूत्रपिंडांनी काम सोडलं त्याला आता दोन वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा रिक्षाने रत्नागिरीत डायलिसिसला जायचं, चार तास मशीनला जखडून पडायचं आणि घरी यायचं. होडी मुलगा हर्षद चालवतो.

यंदा म्हाताऱ्याने एकच हट्ट धरला होता. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहून होडी पहिल्यांदा बाहेर पडते, तेव्हा आपण होडीवर असायचं. डॉक्टर नको म्हणाले नाहीत, पण अट घातली. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढता कामा नये. वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी, आणि होडीत दम लागला तर कोण बघणार?

सून मनिषा रोज सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवी. चहासुद्धा त्यातल्याच पाण्याचा. गंगाराम घोट तोंडात घोळवून घोळवून गिळी. तरी काट्यावर उभा राहिला की साडेतीन किलो जास्त. पाय इतके सुजलेले की चप्पल चढत नसे.

"तांडेल, चोरून पिता काय?" डायलिसिसच्या दर्शना सिस्टरने एकदा विचारलं.

"सून पोलिसासारखी बसते बाटलीपाशी, चोरतो कसला!" मग हळूच म्हणाला, "सिस्टर, एक सलाईन लावा ना. अंगात जोरच नाय. आमच्या शेजारच्या परशुरामला लावलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात हिंडत होता."

सिस्टर हसली. "त्याला जुलाब झाले असतील. अंगातलं पाणी नि मीठ वाहून गेलं, ते बाटलीने परत भरलं. तुमच्या अंगात सलाईनच्या सात बाटल्यांचं पाणी आधीच जादा आहे, काका. आणखी एक लावली तर फुफ्फुसात उतरेल."

"मग हे येतं कुठनं?"

"दिवसभर काय खाता ते सांगा."

"सकाळी वाडगाभर पेज. दुपारी भात. रात्री जेवण जात नाय, म्हणून परत पेज नि भाजलेलं खारं म्हावरं."

सिस्टरचं पेन थांबलं. "पेज बाटलीच्या मापात धरता?"

"अगो बाय, पेज म्हणजे जेवण! ते पाणी कसं होईल?"

सोबत आलेल्या मनिषाचा चेहरा उतरला. "आजारी माणसाला बरी म्हणून मी पातळच करत होते."

"भांडं कलतं केल्यावर जे वाहतं, ते सगळं पाण्यातच मोजायचं," सिस्टर म्हणाली. "नि खाऱ्या मासळीतलं मीठ ते पाणी अंगात धरून ठेवतं, वर तहानही लावतं."

म्हणजे पेज सोडायची.

गंगारामची बायको गोदूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती. होडी किनाऱ्याला लागली की ती डब्यातून ऊन पेज घेऊन उभी असायची. वाऱ्याने फुटलेल्या ओठांना मीठ झोंबायचं, आणि ती म्हणायची, "हळू प्या, कोण पळवत नाय." तिचा फोटोही धड नव्हता. पेजेचा पहिला घोट घेतला की ती समोर उभी राही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून तरी काय होणार होतं? मनिषा उकडा भात निथळायला लागली की तो उठून घरापुढच्या खळ्यात जाऊन बसे.

पुनवेच्या आधीच्या डायलिसिसला वजनाची वाढ एक किलो आठशेवर थांबली. सिस्टरने आकडा दोनदा वाचून दाखवला. पण होडी चार दिवसांसाठी जाणार होती, आणि गंगारामची पुढची पाळी पुनवेच्या दुसऱ्याच दिवशी. ती चुकवायची नाही. खाडीच्या मुखापर्यंत जायचं आणि तिथून शेजारच्या केतनच्या छोट्या होडीतून परत यायचं, असं ठरलं.

नारळ वाहिला. हर्षदने सुकाणू बापाच्या हातात दिलं. मुखाशी लाटा लागल्या, होडी उचलली गेली, तसा गंगारामचा हात आपोआप वळला. केतनची होडी बाजूला येऊन लागली.

"बाबा, उतरायचं ना?"

"उतरतो रे." पण सुकाणू सोडायला त्याला वेळ लागला.

छोट्या होडीत तो किनाऱ्याकडे पाठ करून बसला. हर्षदच्या होडीच्या इंजिनाचा आवाज विरत गेला.

"तांडेल, वळवू?" केतनने विचारलं.

"जरा थांब. दिसतेय तोवर."