पॅरामॅटाचा फियॉर्ड

सासूबाई तीन महिन्यांसाठी सिडनीला आल्या आणि जगाने त्यांच्या मागे दार लावून घेतलं. विमानं बंद, सरहद्दी बंद, टॉयलेट पेपर गायब. त्यांना मात्र दुःख एकच: न्यूझीलंडची फियॉर्ड बघायची ट्रिप रद्द झाली. पस्तीस वर्षं त्यांनी पुण्यात मुलींना भूगोल शिकवला, फळ्यावर लाखभर फियॉर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या, उभ्या कड्यांच्या खोल समुद्रदऱ्या काढल्या, पण खरा एकही पाहिला नव्हता. आणि त्यांच्या शाळेतली मैत्रीण, शिवण शिकवणारी, नॉर्वेला जाऊन आली होती!

रोज चहाबरोबर असा सुस्कारा सोडायच्या की शेजाऱ्याचा कचऱ्याचा डबा आडवा व्हायचा. पंधराव्या सुस्काऱ्याला मी बोलून गेलो, "आई, आपल्या घरामागे आहे की एक फियॉर्ड. छोटा आहे."

बायकोने कपाळाला हात लावला. पण लॉकडाऊनमध्येही व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, तेव्हा निघालो.

पॅरामॅटा नदीच्या एका काठाला तेलाच्या टाक्या, दुसऱ्याला पत्र्याची गोदामं, मधे कडक चहाच्या रंगाचं पाणी आणि चिखलात खारफुटी. पाटी होती: मासे खाऊ नका.

"कडे कुठायत, जावईबापू?"

मी गोदामाची भिंत दाखवली.

"ते गोदाम आहे."

"पण उभं आहे ना, आई!"

त्यांनी छत्री चिखलात खुपसली. "कडे नाहीत, खोली नाही. नदीची दरी, समुद्र वर चढून आत शिरला, बुडाली. नापास."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नापास दरीवर रोज जाऊ लागल्या. आठवड्याभरात भरती-ओहोटी त्यांना विचारून व्हायला लागली.

एका सकाळी तिथेच शिवणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "काय गं, बघितलास का फियॉर्ड, की अजून फळ्यावरच?"

सासूबाईंचे कान लालबुंद. "बघितलास काय? त्याच्यासमोरच उभी आहे!" म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला.

मी तो असा तिरका धरला की गोदाम थेट ढगात गेलं. तेवढ्यात एक मासा उडाला. मी झूम केलं, देवमासा झाला.

"अगं बाई! पण बर्फ कुठाय?"

"फ्लाइट्स बंद आहेत, बर्फ कुठून येणार?" सासूबाई गरजल्या आणि फोन ठेवला.

मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

"पस्तीस वर्षांत कुणाला चुकीचं उत्तर दिलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "आता हे खरं करावं लागेल. न्यूझीलंड उघडेपर्यंत मी हलत नाही. मुंबईचं विमान निघालंच, तर माझी सीट दुसऱ्या कुणाला द्या."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने सासूबाईंच्या खोलीतलं माझं ऑफिसचं टेबल उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं.