रेषेच्या अलीकडे

"आमची ताई उंदरांचे पाय सुजवते," असं मी पाहुण्यांना सांगायचो. ताई चिडायची, "आणि उतरवते कोण, तू?"

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचं काम तसंच होतं. पांढऱ्या उंदराला आधी औषध पाजायचं, मग मागच्या पायात सूज आणणारी सुई टोचायची. नंतर तो पाय घोट्यावरच्या शाईच्या रेषेपर्यंत पाण्याच्या नळीत बुडवायचा. पाणी चढेल तेवढी सूज.

औषध आमच्या वैद्य बाबांचं. एका झाडाची साल आणि दुसऱ्याचं मूळ. "एकटं झाड म्हणजे एका चाकाची गाडी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताईने दोन्ही अर्क वेगवेगळे तपासले, मग एकत्र. एकत्र अर्काने बाजी मारली. बाबांनी बातमी गल्लीत अशी वाटली, की मांजरांनाही कळली असावी.

पुढे प्रयोगशाळेच्या मॅडमनी ताईला नव्या मुलांसमोर मोजणी करून दाखवायला सांगितली. हातात बाबांच्या औषधाचा उंदीर. "पाय बरोब्बर रेषेपर्यंत..." म्हणता म्हणता तिचा हात रेषेच्या अलीकडेच थांबला. सवयीने. कमी बुडलेला पाय, कमी चढलेलं पाणी, म्हणजे कागदावर सूजही कमी. मुलं माना डोलावत होती. दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदराच्या वेळी मात्र हात थेट रेषेवर गेला, आणि तो फरक तिचा तिलाच दिसला.

त्या दिवशी ताई जेवली नाही.

"मुद्दाम केलं असतं तर निदान चोर तरी झाले असते," ती मला म्हणाली. "हा कसला चोर, ज्याला आपल्याच हाताची खबर नाही?"

मॅडमसमोर तिने सगळं कबूल केलं आणि कान लाल होईपर्यंत ऐकून घेतलं. मग नवे उंदीर आले. कोणत्या पिंजऱ्यात कोणतं औषध, हे मॅडमनी मोजणाऱ्यांना कळूच दिलं नाही. या वेळी जोडी नुसत्या सालीपेक्षा तसूभरही सरस निघाली नाही.

बाबा खलात मूळ कुटत होते. ताई दारातच उभी राहिली.

"बाबा, उंदरांत तरी सालच काम करते. मुळाचा फरक दिसत नाही. आधीची मोजणी मीच चुकवली."

"ती कशी?"

"पिंजरा तुमचा आहे, हे मला ठाऊक होतं."



बाबांनी बत्ता खाली ठेवला. ते म्हणाले, "लोक म्हणायचे, बरं वाटतंय वैद्यबुवा. की मी खूश. कितपत बरं, हे कधी विचारलंच नाही गं."

"गल्लीत मी सांगते, बाबा."

"राहू दे. बातमी मी वाटली, गोळाही मीच करतो."

त्यांनी चपला सरकवल्या. ताईही मागोमाग निघाली. पहिल्याच दारात शेजारच्या काकू हसत उभ्या होत्या.

"या या! लेकीने नाव काढलं हो!"

बाप-लेकीच्या माना एकदमच खाली गेल्या.