राजकन्या सुटेपर्यंत

पायाच्या जखमेसाठी मी तीन आठवडे अकोल्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा आमच्या वॉर्डात एक तरुण नर्सबाई होती. जादूच्या आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांचं तिला भारी वेड. वाचनालयातलं पुस्तक कायम तिच्या ट्रेमध्ये, कापसाच्या बंडलाखाली असे. ड्रेसिंग करताना ती आम्हाला त्यातली गोष्ट सांगायची. राक्षस राजकन्येच्या दाराशी आला, की नेमकी तेव्हाच चिकटलेली पट्टी ओढायची. आम्ही राक्षसाच्या नावानं ओरडायचो.

शेजारच्या खाटेवर आमच्याच अकोटकडची एक शेतकरी आजी होती. आम्हा दोघींना एकाच दिवशी घरी सोडलं, तर आजी उठेचना.

"राजकन्या अजून कैदेतच हाय. मी कशी जाऊ?"

नर्सबाई हसली आणि जेवणाच्या सुट्टीत पांढऱ्या गणवेशातच आमच्याबरोबर एसटी स्टँडवर आली. अकोटच्या गाडीत आमच्यापुढं उभी राहून तिनं शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं. राजपुत्र दिसल्यावर तिचाच आवाज कापरा झाला. सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. सुटायची वेळ झाली, तशी ती पुस्तक मिटू लागली.

"वाचा बाई," कंडक्टर म्हणाला. "लगन लागू द्या, मंग घंटी मारतो."

लग्न लागलं. आजीनं पदरानं डोळे पुसले.

"सरली काहो बाई गोष्ट?"

"दुसरा भाग हाय," नर्सबाई उतरता उतरता म्हणाली. "पण त्याच्यासाठी बिमार नोका पडू, आजी. नुसत्या भेटाले या."