कुंकवाखालचा नंबर

"आधी बोट, फिर बात," असं म्हणून ताईजी उजव्या हाताची तर्जनी पदराला पुसायच्या. समोर तुरीची डाळ असो, इंदूरच्या राजवाड्यावरच्या बाजारातली साडी असो की कुणी विकायला काढलेली मोटार, बोट फिरवल्याशिवाय बाई भावाचा शब्द काढणार नाहीत. दुकानदार वैतागायचे. मीही वैतागायचो. ऑफिसातून येताना त्यांच्याबरोबर बाजारात शिरलो की घरचा चहा गेलाच म्हणून समजा.

आम्ही एकाच सरकारी कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर. राहायलाही दोघं छत्रीबागेत. अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल, सगळ्यांची ताई आणि कुणाचंच न ऐकणारी. त्यांनी लग्न केलं नव्हतं. नव्या साहेबांनी एकदा आगाऊपणे कारण विचारलं, तर म्हणाल्या, "सर, मोटारीला चेसिस नंबर असतो. नवरदेवाला कुठे असतो? पारखायचं कसं?" साहेब पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

हे मोटारींचं वेड घरातूनच आलेलं. वडील इंदूर संस्थानच्या मोटारखान्यात ड्रायव्हर, राहायला महाराजांच्या लालबाग महालाच्या बाजूला क्वार्टर. पोरीचं लहानपण गाड्यांखाली वडिलांच्या हातात पाना-पक्कड देण्यात गेलं. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला आकडे ठोकलेले असतात आणि कागदावर तेच आकडे हवेत, एवढं तुम्हा-आम्हाला कळतं. ताईजींना त्यापुढचं कळायचं.

त्या वर्षांत इंदूरचं काही खरं नव्हतं. एकीकडे एकेका मिलचा भोंगा बंद होत होता, दुसरीकडे टीव्हीवर रोज नवी गाडी आणि नवा साबण. लोकांना एकदम थाट हवा झाला. नवरदेवाला घोडी पुरेना! ठाकूर-जहागीरदारांच्या गोठ्यांत पडलेल्या जुन्या, लांबलचक अमेरिकन मोटारी लोक हुडकून काढू लागले. मग लबाडही जागे झाले. चोरीच्या गाडीचा नंबर घासून काढायचा, मोडीत गेलेल्या दुसऱ्या गाडीचे कागद मिळवायचे आणि त्या कागदांवरचे आकडे हिच्यावर ठोकायचे. पकडलं की गाडी ठाण्यात आणि घेणारा कोर्टात.

माझा थोरला भाऊ मिलमध्ये लूम खात्यात होता. मिल बंद झाल्यावर दादा ओट्यावर बसून नुसता रस्त्याकडे बघत राही. अशा माणसाकडे बघवत नाही हो. एक दिवस उठून म्हणाला, "मी लग्नाची गाडी चालवणार." किती दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता! मिलकडून हाती आलेलं सगळं तो त्या गाडीत घालणार होता. गाडी फसली असती तर घर उघड्यावर पडलं असतं. म्हणून गाडी बघायला जाताना मी ताईजींना बरोबर घेतलं.

दलालाने पहिली गाडी दाखवली ती लालभडक, टप उघडणारी, आठ सिलिंडरची. सुरू केली की आपल्या पोटात धडधडायचं. दादा तर पाघळलाच. दलालाने वाकून नंबर दाखवला, त्यावर छान कुंकू लावलेलं. "देखो भिया, हर दसरे पे पूजा हुई है इसकी!"

ताईजींनी बोट पुसलं, आकड्यांवरून फिरवलं. मग पदराची पिन काढून एका आकड्याच्या खाचेत कोरली. आत कोरं, चकचकीत लोखंड.

"कुंकू परवाचं आहे," त्या म्हणाल्या. "आकडेही परवाचेच."

"क्या बात कर रिये हो मैडम!" दलाल भडकला, पण नजर चुकवायला लागला.

बाहेर आल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं. दसऱ्याला मोटारखान्यात पूजा व्हायची, पण बॉनेटवर डाग पडला तर मालक रागवायचे. म्हणून ड्रायव्हर लोक गाडीखाली शिरून नंबरावर तेलात कालवलेलं कुंकू लावायचे. त्यांचं बघून मालव्यातल्या ठाकुरांचे ड्रायव्हरही तसंच करायला लागले. वर्षानुवर्षं ते कुंकू खाचांत बसून काळं, घट्ट व्हायचं. दलालाने हा रिवाज कुठूनतरी ऐकला होता, पण त्याने कुंकू लावलं ते वरूनच.

दादाला यातलं काही ऐकायचंच नव्हतं. भर रस्त्यात तो ताईजींवर उखडला. "मिलवाल्यांनी एकदा माझा भोंगा बंद केला, आज तुम्ही केलात!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईजी मोपेड सुरू करून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या भेटेल त्या जुन्या ड्रायव्हरला गाड्यांचं विचारत सुटल्या. शेवटी पत्ता लागला तो इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याचा.

तिथल्या एका गोठ्यात ती गाडी उभी होती. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, रंग कुठला ते सांगता येईना. मी कसाबसा समजावून आणलेला दादा आता शहाणा झाला होता. खाली डोकावला आणि हात झटकून उठला. "आकडे वाकडे आहेत. एक तर चक्क घसरलाय. चला घरी."

"रुको तो, दादा."

ऑफिसच्या साडीनिशी बाई शेणामातीत आडव्या झाल्या.

"अहो ताईजी, साडी!"

"धुतली जाते साडी."

बोट फिरलं, मग पिन. बाहेर आल्या तेव्हा तळहातावर काळपट खपल्या होत्या. चुरल्या तर आत कुंकवाचा लाल रंग, वर जुन्या तेलाचा वास.

"खोटं करणारा घाबरून आकडे सरळ ठोकतो, दादा. हा कारखान्यातल्या कुणा कंटाळलेल्या माणसाचा हात आहे. आणि हे कुंकू..." त्यांनी मूठ मिटली. "हे कुणाच्या तरी बाबांनी लावलंय."

माझे डोळे भरून आले. मी आपला कोंबडीकडे बघत राहिलो.

कागद जुळले. परिवहन कार्यालयातही तेच आकडे निघाले. दादाने उन्हाळाभर गाडी घासली, इंजिन उघडून पुन्हा बसवलं, मोतिया रंग दिला. ओट्यावर बसायला त्याला वेळच उरला नाही.

पहिल्या वरातीच्या दिवशी सकाळी त्याने गाडी ताईजींच्या दारात नेली आणि पुढचं दार उघडलं. "त्या दिवशी बोललो ते पोटात घाला. बसा."

त्या बसेनात. पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अशा गाड्यांखाली सगळं लहानपण गेलं हो. आत कधी बसले नाही."

दादाने मान फिरवून डोळे पुसले. मग दंडाला धरून त्यांना बसवलंच. लालबागेच्या फाटकापर्यंत चक्कर मारली. फाटकाशी ताईजींनी बोट पुसून डॅशबोर्डावरून फिरवलं.

"फिर बात?" दादाने विचारलं.

"आता काय बात," म्हणून त्या हसल्या, आणि घरी येईपर्यंत हसतच होत्या.

ताईजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गाडीच्या कमाईवर दादाची मुलं शिकली, तीच आता ती चालवतात. दसऱ्याला बॉनेटला कुणी हळदकुंकू लावायला गेलं की दादा ओरडतो. मग गुडघे धरून, गल्लीत पोतं टाकून स्वतः गाडीखाली शिरतो. "या वयात शोभतं का हे?" म्हणून वहिनी बडबडत असते. बाहेर त्याचे नुसते पाय दिसतात. आणि खालून आवाज येतो, "ताईजी, लावलं हो."