खिडकीशी बसलेली बाई

दिनकर गेल्याचं मला साताऱ्यात मोबाइलवर कळलं. शाळेच्या ग्रुपवर त्याचा फोटो, खाली ‘कलामहर्षी’. आष्ट्याच्या शाळेत आम्ही बत्तीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलो. तिथं ही पदवी कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. त्याचा ड्रॉइंगचा तास मात्र सगळे हक्कानं मागून घ्यायचे... मीही घेतलाय, मराठीचा पोर्शन संपवायला.

दिनकरचं दैवत म्हणजे एक छापील चित्र. एकोणिसाव्या शतकातल्या कुण्या इटालियन चित्रकाराचं. खिडकीशी बसलेली बाई, मांडीवर अर्धवट शिवण, हात थांबलेला. राणी नाही, देवी नाही. दर वर्षी तो ते घरून वर्गात आणायचा. पोरं विचारायची, “सर, ही काय करतीया?”

“काय न्हाई. जरा थांबलीया.”

“मग चित्र कशाला काढलं?”

“कुणीतरी तिच्याकडं बगितलं म्हणून रं!”

हे उत्तर मला इतकं आवडलं, की दोन-तीन भाषणांत मी ते स्वतःचं म्हणून खपवलं.

शोकसभेत चारही वक्ते मुख्यतः स्वतःबद्दल बोलले. मग ते चित्र फ्रेम करून शाळेच्या सभागृहात लावायचं ठरलं, आणि आणायला मला धाडलं.

वहिनी खिडकीशी मशीनवर होत्या. लगीनसराई, शेजारी ब्लाउजांचा ढीग. दिनकर असतानाही त्या तिथंच बसून शिवायच्या आणि मी चहा पिऊन निघायचो. चित्राचं म्हटल्यावर त्यांनी पाय थांबवला.

“देते की. पर आदी त्यांच्या चित्रांच्या वह्या बगा, भावजी. मी कुटं हाय का? मी समद्या बगितल्या, पर मला धड दिसत न्हाई आता. हुकलं आसंल एखादं.”

दुपारभर मी वह्या चाळल्या. म्हशी, कृष्णेचा घाट, उसाच्या गाड्या, बाजारातल्या बायका. मीसुद्धा दोनदा, घोरताना. शेवटची वही मिटायला मी उगाच वेळ लावला...

“न्हाई न्हवं?”

“नाही.”

“व्हय. वाटलंच.”

त्यांनी चित्राची गुंडाळी टेबलावर पसरली, त्यावर बाहीचं माप आखलं आणि कात्री घेतली. मी थांबवलं नाही. “कागुद जाड हाय,” त्या म्हणाल्या. “लय दिस टिकंल.”

शाळेत मी सांगितलं, चित्राला वाळवी लागली. अध्यक्ष हळहळले. मग म्हणाले, सरांचाच मोठा फोटो लावू, अनावरण वहिनींच्या हस्ते करू. पत्रिकेत छापायला त्यांचं नाव सांगा.

मला सांगता आलं नाही.